उसाची ट्रॉली आणि अर्धवट पडलेलं फाटक: एका रेल्वे फाटकाच्या सुरक्षेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे फाटक मराठवाड्यातल्या एका एकेरी, अलीकडेच विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गावर आहे. गाव, कारखाना आणि माणसं ओळखू येतील असा तपशील बदलला आहे किंवा गाळला आहे. फाटकाच्या एका अंगाला गाव, शाळा आणि दूध संकलन केंद्र. दुसऱ्या अंगाला साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता. जवळचं स्टेशन सात किलोमीटरवर. एरवी रस्ता निवांत असतो. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की चार-साडेचार महिने तो रात्रंदिवस जागा असतो. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या, अधूनमधून ट्रक, आणि या सगळ्यांतून वाट काढणारे मोटारसायकलवाले.

फाटकावर गेटमन होता, पण फाटक इंटरलॉक केलेलं नव्हतं. म्हणजे सिग्नल आणि फाटकाची दांडी यांचा एकमेकांशी यांत्रिक किंवा विद्युत संबंध नव्हता. दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे फोन. गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर फोन करणार, गेटमन फाटक बंद करून कुलूप लावणार आणि मगच एक ‘प्रायव्हेट नंबर’ सांगणार. तो नंबर हीच फाटक बंद असल्याची हमी. सगळी सुरक्षा एका माणसाच्या शब्दावर आणि त्या शब्दाच्या वेळेवर उभी होती.

इंटरलॉकिंग का नव्हतं, याचं उत्तर मोजणीत आहे. फाटकाची वर्दळ टीव्हीयूमध्ये (ट्रेन व्हेइकल युनिट) मोजतात: दिवसाच्या रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची एककं. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी यांचं प्रत्येकी एक एकक, रिक्षाचं अर्धं, दुचाकीचं पाव. इंटरलॉकिंगसाठी तेव्हा २०,००० टीव्हीयूची मर्यादा होती आणि हे फाटक तिच्या बरंच खाली होतं. कारण शेवटची मोजणी मे महिन्यात झाली होती. मे महिन्यात या रस्त्यावर लग्नाची वऱ्हाडं दिसतात, ऊस दिसत नाही.

त्या रात्री

२०२५ च्या जानेवारीतली रात्र. स्टेशनवरून मालगाडी सुटणार असल्याचा फोन आला. फाटकाच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरांची रांग होती. गेटमनने नंबर दिला आणि मग दांडी उतरवणारा रहाट फिरवायला घेतला. क्रम उलटा झाला. तेवढ्यात रांगेतून आवाज आला, “मामा, एवढी एक जाऊ द्या, कारखान्यात नंबर लागलाय.” दांडी अर्ध्यावर थांबली. ट्रॅक्टर रुळांवर चढला, पुढची ट्रॉली पार झाली, आणि रुळांमधल्या उखडलेल्या ब्लॉकच्या दणक्याने दोन ट्रॉल्यांमधल्या हूकची पिन तुटली. मागची ट्रॉली भरल्या उसासकट रुळांवर बसली.

गेटमनने आधी फोन फिरवला. स्टेशनचा फोन लागेना. मास्तर दुसऱ्या फोनवर कंट्रोलशी, म्हणजे गाड्यांच्या नियंत्रण कक्षाशी, बोलत होते. त्याने फाटकाजवळ लाल दिवा रोवला, फटाके म्हणजे डिटोनेटर घेतले आणि गाडीच्या दिशेने पळाला. नियमाप्रमाणे मोठ्या लाईनवर, म्हणजे ब्रॉडगेजवर, एक फटाका ६०० मीटरवर आणि पुढे १२०० मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने, तीन लावायचे असतात. अंधारात गिट्टीवरून पळत तो पहिल्या जागेपर्यंत पोचला, त्यापुढे नाही. फटाका वाजला, लाल दिवा दिसला, आणि मालगाडी ट्रॉलीच्या साधारण दोनशे मीटर अलीकडे थांबली. दुसरा ट्रॅक्टर लावून ट्रॉली ओढली. कुणाला खरचटलंही नाही.

त्या रात्रीचा हिशेब मांडला की अंगावर काटा येतो. सात किलोमीटर कापायला ताशी ५० च्या वेगाने सुमारे साडेआठ मिनिटं लागतात, ताशी १०० ने जेमतेम सव्वाचार. फोनची खटपट, दिवा रोवणं आणि ६०० मीटरची धाव मिळून सहज पाच-सहा मिनिटं जातात. मालगाडी होती म्हणून वेळ पुरला. मागून येणारी एक्सप्रेस आधी सोडली असती, तर फटाके त्याच्या हातातच राहिले असते.

अडचण नेमकी कुठे होती

चौकशीत “गेटमनने आधी नंबर दिला” एवढंच ठळक झालं. ते खरं आहे आणि गंभीरही आहे. पण तिथे थांबलं तर पुढच्या हंगामात दुसऱ्या गेटमनकडून तेच घडणार, असं मला वाटलं. (मी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. ग्रामपंचायतीने आमच्याकडे वाहनमोजणीसाठी विद्यार्थी मागितले आणि तिथून हे प्रकरण आमच्या दारात आलं.)

पहिल्याच आठवड्यात आम्ही गेटमनच्या खोपटापाशी बसून बघितलं तेव्हा आधी नंबर देण्यामागचं गणित कळलं. नियमाप्रमाणे गाडी स्टेशनवरून सुटायच्या आधीच फाटक पूर्ण बंद झालं, तर रस्ता दहा-बारा मिनिटं अडतो. स्टेशनवर क्रॉसिंग असेल, म्हणजे एक गाडी गेल्यावर लगेच समोरून दुसरी येणार असेल, तर पंचवीस मिनिटंही. रांग कारखान्याच्या वळणापर्यंत जाते. मग शिव्या, हॉर्न, दांडीखालून मोटारसायकली. नंबर आधी देऊन दांडी सावकाश उतरवली की मधल्या वेळात सात-आठ वाहनं निघून जातात आणि दंगा होत नाही. ती पळवाट गेटमनच्या आळसातून आलेली नव्हती. रांगेच्या रेट्याने ती शोधली होती.

दांडीखालून जाणाऱ्यांना विचारलं तर उत्तर सरळ होतं. एक शेतकरी म्हणाले, “गाडी यायलीय का नाही तेच कळंना. एक गेली, तरी फाटक उघडंना. मग किती टाइम थांबावं माणसानं?” रेल्वे कायद्याच्या कलम १६० प्रमाणे बंद फाटक उघडणं किंवा तोडणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हे बहुतेकांना ठाऊक होतं. ठाऊक असून थांबत नव्हते.

समोर असलेले पर्याय

घटनेनंतर गावात बैठक झाली. ग्रामपंचायत, कारखान्याचे शेतकी अधिकारी, रेल्वेचे सिग्नल आणि इंजिनिअरिंग विभागाचे लोक, आम्ही. प्रत्येकाच्या खिशात एक उपाय होता, आणि ‘स्मार्ट’ हा शब्द सारखा कानावर पडत होता. त्या गोंधळात मला उपयोगी पडलेला प्रश्न एकच: हे उपकरण बोलतं कोणाशी? इंजिनच्या ड्रायव्हरशी, गेटमनशी, की रस्त्यावरच्या माणसाशी?

भुयारी मार्गाची सूचना सगळ्यात आधी आली आणि सगळ्यात आधी पडली. काळ्या मातीत खणलेल्या भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी साचतं, याचे नमुने आजूबाजूच्या गावांनी भोगलेले आहेत. शिवाय उसाने शिगोशिग भरलेली ट्रॉली कमी उंचीच्या बोगद्यातून जाणार कशी? उड्डाणपुलासाठी रेल्वेने खर्चाचा वाटा उचलायची अट एक लाख टीव्हीयूची. ती इथून फार लांब होती.

कवचचा मुद्दा एका तरुण सरपंचांनी मांडला आणि त्यावर जरा जास्त बोलावं लागलं, कारण लोकांना त्याबद्दल मोठ्या अपेक्षा आहेत. कवच ही रेल्वेची स्वदेशी गाडी-संरक्षण यंत्रणा. तिच्या सुरुवातीच्या मार्गांमध्ये मराठवाड्याचा पट्टाच आहे: मनमाड–परभणी–नांदेडहून पुढे सिकंदराबादकडे जाणारा मार्ग, आणि परभणी–परळी–बीदर. लाल सिग्नल ओलांडू न देणं, वेग जास्त झाला तर ब्रेक लावणं, फाटक जवळ आलं की आपोआप शिटी वाजवणं ही कामं ती करते. पण कवच ड्रायव्हरशी बोलतं, आणि तेही ज्या इंजिनात बसवलंय त्याच्याच. रुळांवर ट्रॉली अडकली आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. त्या रात्री ते सांगणारा धागा म्हणजे एक एंगेज फोन होता.

इंटरलॉकिंग सिग्नलशी बोलतं. दांडी पूर्ण पडून कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, आणि हिरवा झाल्यावर दांडी उघडत नाही. आधी नंबर देण्याची पळवाट यात उरतच नाही. दांडी मोडली तरी सिग्नल लाल राहतो, म्हणजे बिघाड सुरक्षित बाजूला होतो. पण बारकाईने पाहिलं तर इंटरलॉकिंगला फक्त दांड्या पडल्याचं कळतं. दोन दांड्यांच्या मधली जागा रिकामी आहे की नाही, हे कळत नाही.

ती जागा बघण्यासाठी अडथळा ओळखणारी यंत्रणा असते. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी लेझर किंवा इन्फ्रारेड किरणांनी फाटकाचा चौक तपासतात आणि अडथळा दिसला तर गाडीला थांबण्याचा इशारा देतात. ब्रिटनमध्ये रडार आणि लायडरने (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) चौक तपासून मगच सिग्नल देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. एका पुरवठादाराने कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा नमुना दोन दिवस लावून दाखवला. दिवसा तो छान चालला. रात्री ट्रॅक्टरच्या हेडलाइटने कॅमेरा आंधळा झाला, सांडलेल्या पाचटाच्या ढिगाला त्याने वाहन म्हटलं आणि एका म्हशीला काहीच म्हटलं नाही. असल्या कॅमेऱ्याच्या हाती गाडी थांबवण्याचा अधिकार द्यायला सिग्नल विभागाने साफ नकार दिला. मला तो नकार पटला. चुकीची धोक्याची सूचना दिवसातून चार वेळा आली, तर पाचव्या खऱ्या वेळी गेटमन आधी बटण दाबून भोंगा बंद करतो.

उरला शेवटचा घटक, रस्त्यावरचा माणूस. त्याच्याशी आतापर्यंत कोणीच बोलत नव्हतं.

निर्णय आणि कृती

चालू हंगामात काय करता येईल आणि पुढच्या हंगामाआधी काय, असे दोन भाग पाडले.

पहिल्या भागात सगळ्यात स्वस्त काम सगळ्यात आधी केलं. रुळांमधले उखडलेले ब्लॉक काढून पृष्ठभाग सपाट केला, दोन्ही बाजूंचे चढ दुरुस्त केले. खरं तर गेटमनने याबद्दल आधीच वहीत लिहून कळवलं होतं. कारखान्याने ट्रॉल्यांच्या हूकची तपासणी सुरू केली: पिन झिजलेली असेल तर ऊस उतरवून घ्यायचा, पण पिन बदलेपर्यंत पुढची तोडीची चिठ्ठी द्यायची नाही. या एका अटीने जे काम झालं ते दहा फलकांनी झालं नसतं, कारण ट्रॅक्टरवाल्याचा जीव चिठ्ठीत असतो. रात्रीच्या गर्दीच्या वेळी कारखान्याचा एक माणूस फाटकाबाहेर उभा राहू लागला. पुढचं वाहन पलीकडे पूर्ण उतरल्याशिवाय मागच्याला रुळांवर चढू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

गेटमन आणि स्टेशन यांच्यात दुसरा, फक्त संकटासाठीचा दुवा लागला. गेटमनच्या खोपटात लाल बटण, स्टेशनवर भोंगा. फोन एंगेज असो नसो, भोंगा वाजणारच. मास्तरांना धोका कळताच ते कवच असलेल्या गाडीला थांबण्याचा आपत्कालीन संदेश देऊ शकतात, बाकीच्यांना वॉकीटॉकीवर सांगू शकतात.

दुसरा निर्णय मोजणीचा. आमच्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारीत सात दिवस, चोवीस तास वाहनं मोजली. त्या मोजणीला सरकारी किंमत शून्य होती, पण आकडे उन्हाळ्यातल्या आकड्यांपेक्षा इतके वेगळे निघाले की रेल्वे आणि रस्ते विभागाने हंगाम संपायच्या आत संयुक्त मोजणी केली. टीव्हीयू दहा हजारांच्या वर गेला, वीस हजारांना मात्र पोचला नाही. तेव्हा वाटलं, सगळं पाण्यात.

मग ८ जुलै २०२५ उजाडला. तामिळनाडूत कडलूरजवळच्या सेम्मनकुप्पमला, इंटरलॉक नसलेल्या फाटकावर पॅसेंजर गाडीने शाळेच्या व्हॅनला उडवलं आणि तीन मुलं गेली. त्यानंतर रेल्वेमंत्र्यांनी दिलेल्या सूचनांमध्ये फाटकांवर सीसीटीव्ही, स्टेशन आणि गेटमन यांच्यातल्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगची तपासणी, आणि इंटरलॉकिंगची मर्यादा वीस हजारांवरून दहा हजार टीव्हीयूवर आणणं हे मुद्दे होते. आमच्या फाटकाची ताजी मोजणी टेबलावर तयार होती. मेमधलाच आकडा असता तर हे फाटक नव्या मर्यादेतही बसलं नसतं. आपल्याकडे रेल्वे फाटकांचे नियम अपघातांच्या मागून चालतात, हा अनुभव जुना आहे. २०१४ मध्ये तेलंगणातल्या मासाईपेटला शाळेच्या बसला धडकलेली गाडी नांदेडहूनच निघालेली पॅसेंजर होती, २०१८ मध्ये कुशीनगरला शाळेची व्हॅन सापडली, आणि ब्रॉडगेजवरची बिनगेटमनची फाटकं २०१९ च्या जानेवारीअखेर संपली.

तिसरा निर्णय रस्त्यावरच्या फलकाचा, आणि इथे बरीच चर्चा झाली. विद्यार्थ्यांना गाडीचं थेट ठिकाण घेऊन “किती मिनिटं बाकी” दाखवायचं होतं. रेल्वेच्या सिग्नल सर्किटला बाहेरची तार जोडायची परवानगी मिळणं शक्य नव्हतं आणि मिळूही नये. म्हणून पहिला नमुना अंदाजे मिनिटं दाखवायचा. आठवडाभरात तो हास्यास्पद ठरला: मालगाडीची चार मिनिटं अकरा व्हायची आणि लोक फलकाकडे बघून हसायचे. मग मिनिटं काढून टाकली. आता फलकावर दोनच वाक्यं येतात: “एक गाडी येत आहे” आणि “दोन गाड्या येत आहेत, पहिली गेल्यावर थांबा.” गेटमन खोपटातल्या साध्या स्विचने ते बदलतो. सोलर पॅनल, बॅटरी, एलईडी. अक्षरं ट्रॅक्टरच्या सीटवरून दिसतील एवढी. यात फारसं ‘स्मार्ट’ काही नाही, हे विद्यार्थ्यांनी जरा नाराजीनेच मान्य केलं.

परिणाम

इंटरलॉकिंग २०२५ च्या डिसेंबरात, म्हणजे हंगाम सुरू झाल्यावर, चालू झालं. तोवर जुनीच पद्धत होती. फक्त बटण, सपाट पृष्ठभाग आणि फोनच्या रेकॉर्डिंगचा धाक एवढी भर.

दोन गाड्यांच्या वेळी दांडीखालून जाणारे बरेच कमी झाले. ट्रॅक्टरवाले इंजिन बंद करून खाली उतरतात, तंबाखू मळतात. एकाच गाडीच्या वेळी मात्र फारसा फरक दिसला नाही. उलट एक नवी खोड लागली: “एक गाडी” असं वाचलेले मोटारसायकलवाले शेवटचा डबा गेल्या क्षणी, दांडी वर जायच्या आधीच, घुसतात. फलकाने त्यांना जणू परवानाच दिला.

वाट पाहण्याचा वेळ वाढला, आणि त्यावरून राग आहे. नंबर देऊन दांडी सावकाश उतरवायची ती पळवाट गेली, म्हणजे त्या वेळात निघणारी सात-आठ वाहनंही गेली. ग्रामपंचायतीकडे तक्रारी आल्या की इतका खर्च करून रांग वाढवली. त्यांना देण्यासारखं गोड उत्तर कोणाकडेच नाही. ते रांगेतले सात-आठ जण आणि जानेवारीतली ती रात्र या एकाच सौद्याच्या दोन बाजू होत्या.

डिसेंबराअखेर एका टेम्पोने दांडी मोडली. सिग्नल लालच राहिला, गाडी फाटकाबाहेर उभी राहिली, गेटमनने सरकती आडदांडी ओढून रस्ता अडवला आणि मग गाडी पुढे गेली. वेळ गेला, वैताग झाला, धोका मात्र झाला नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात यंत्रणा खरी कामाला आलेला दिवस तो.

विद्युतीकरणामुळे लावलेल्या ४.६७ मीटर उंचीच्या गेजला, म्हणजे उंच वाहनं अडवणाऱ्या चौकटीला, उसाचे शेंडे आणि नंतर कडब्याच्या गाड्या सारख्या घासतात. ती वेगळी डोकेदुखी आहे, अजून तशीच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बैठकीला गेटमनांपैकी कोणीच नव्हतं. ड्युटीवर असलेल्याला सोडता येत नाही आणि सुटीवर असलेल्याला कुणी बोलावलं नाही. खराब पृष्ठभाग, रांगेचा रेटा, एंगेज फोन या तिन्ही गोष्टी त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होत्या. आम्हाला त्या शोधायला तीन आठवडे गेले.

कॅमेऱ्याचा नमुना गाळपाच्या रात्री न लावता आधी दिवसाच्या चाचणीला दाखवल्यामुळे बैठकीतल्या काही जणांचं मत लगेच बनलं आणि ते बदलायला वेळ लागला. असलं उपकरण आधी सगळ्यात वाईट वेळी तपासावं: जानेवारी, रात्री दोन, धुकं, समोरून हेडलाइट.

मोजणीबाबत सुचवलेला बदल अजून कागदावरच आहे. ज्या फाटकावरून हंगामी वाहतूक जाते, तिथे सात दिवसांची मोजणी त्या हंगामातच व्हावी. मराठवाड्यात ऊस, कापूस आणि वाऱ्या यांचं वेळापत्रक जिल्हा प्रशासनाकडे असतंच.

दोन दांड्यांच्या मधल्या जागेचा प्रश्न सुटलेला नाही. दांड्या पडल्या, सिग्नल हिरवा झाला आणि मध्ये ट्रॉली अडकली, तर आज आधार लाल बटणाचाच आहे. जपानमध्ये अशा वेळी दांडी तोडून बाहेर पडा, असं वाहनचालकांना शिकवतात. आपल्याकडे कलम १६० च्या धाकाने ट्रॅक्टरवाला दांडीपुढे थांबून राहतो. कारखान्याच्या चालकांच्या बैठकीत हा मुद्दा निघाला तेव्हा रेल्वेचे प्रतिनिधी “दांडी तोडा” असं म्हणायला तयार नव्हते, आणि त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. शेवटी ठरलं ते असं: चालकाने वाहन सोडून खोपटाकडे पळायचं, गेटमनने बटण दाबायचं, आणि दांडीचं काय ते नंतर बघायचं. हे लेखी कुठेही नाही. रडारच्या चाचणीचा प्रस्ताव रेल्वेच्या मंडळ कार्यालयात पडून आहे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर–परभणी मार्गाच्या दुहेरीकरणाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आहे. आमच्या फाटकावर दुसरी लाईन आली तर फलकावरचं “पहिली गेल्यावर थांबा” हे वाक्य पुरणार नाही, कारण तेव्हा दोन गाड्या एकाच वेळी येतील.